वाळूचे घड्याळ



रोमच्या संत पेत्र महामंदिरात पोप सातवे अलेक्झांडर यांचे स्मारक आहे. शिल्पकार बर्निनीने ते १६७८ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना पूर्ण केले. खाली एक खराखुरा दरवाजा आहे. त्यावरील संगमरवरी वस्त्राखालून एक सांगाडा वाळूचे घड्याळ उंचावतो: वेळ संपली! वर पोप मात्र गुडघे टेकून शांतपणे प्रार्थना करीत आहेत.

मृत्यूची आठवण जीवन उदास करते का? मला वाटते, उदास करतात ती राहून गेलेली कामे. अंत्यविधीच्या वेळी अनेकदा कानी येते, "फादर, त्याच्याशी बोलायचे राहून गेले."

घड्याळ आपल्या हाती नाही, क्षमा आहे. अबोला धरलेल्या भावाच्या घरी आज मिस्सानंतर जाऊ या.

तुमचा,
धर्मगुरू