पेडलवरचा पाय

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हातातल्या शिरेतून हृदयाकडे नळी सरकवली आणि तसाच चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. जिवाचा धोका त्याचा, निर्णयही त्याचाच.

आजच्या कॅथलॅबमध्ये, म्हणजे एक्स-रेच्या आधाराने हृदयात नळी घालतात त्या खोलीत, हिशोब इतका सरळ नाही. डॉक्टर रुग्णाच्या उजवीकडे उभा असतो, म्हणून रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण त्याच्या डाव्या बाजूला जास्त लागतात. २०१३च्या एका अहवालात अशा डॉक्टरांच्या मेंदूतल्या गाठींची नोंद आहे: बाजू ठाऊक असलेल्या २६ पैकी २२ डावीकडे. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही. मोतीबिंदूचा धोका मात्र पक्का.

देहाच्या त्रासाला भिऊन कर्म सोडणं, हा गीतेच्या अठराव्या अध्यायात राजस त्याग ठरतो. मग किरणांची मर्यादा ओलांडल्याचं दिसू नये म्हणून ते मोजणारा टीएलडी बॅज खणात ठेवून काम रेटणारा कोण? निर्भय असेल, सात्त्विक म्हणवत नाही. एक्स-रे सुरू करणाऱ्या पेडलवर पाय त्याचा, पण किरण नर्सलाही लागतात आणि टेक्निशियनलाही. स्वतःचं शरीर पणाला लावायचा हक्क मान्य करू. त्यांचं लावायचा कुठून आला? किरण अडवणारी, छताला टांगलेली शिसं मिसळलेली काच पुढे ओढायला काही सेकंद पुरतात. ‘आड येते’ म्हणून तीही बाजूला सारली जाते.