गाडीखालचा पाऊण तास

गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. शनिवार होता. आमची मंडळी रेशन आणायला गेली होती, पोरगा कामावर, नात कॉलेजात. मी म्हटलं, गाडीला ग्रीस मारून घेऊ. चाकांना दगड लावले, जॅकवर पुढचा भाग उचलला, खाली दोन ओंडके सारले, गोणपाट अंथरलं आणि ग्रीसची गन घेऊन आत शिरलो. डाव्या किंगपिनला ग्रीस बसलं. उजव्या बाजूला सरकताना गुडघ्यात कळ आली आणि पाय धरला तो धरलाच. ना पुढं, ना मागं. मान वळवून हाक मारावी तर मानही वळेना.

पाऊण तास मी तसा पडून होतो. आधी हसू आलं. पस्तीस वर्षांची फियाट माझ्या डोक्यावर धडधाकट उभी, आणि तिला सांभाळणारा खाली मोडून पडलेला. मग हसू गेलं. वर बघत राहिलो. एकूण एक बोल्ट माझ्या ओळखीचा. कुठला मी बदलला, कुठला मिस्त्रीनं, सगळं आठवत होतं. आणि माझ्याच गुडघ्यात काय चाललंय ते मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं डॉक्टर फोटो काढा म्हणत होते, मी काढला नव्हता.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९९१ ची, ठाण्याच्या पासिंगची, एमएच-०४. मी ती १९९६ ला डोंबिवलीच्या एका मास्तरांकडून घेतली. शहरातली माणसं तिला पद्मिनी म्हणतात, आमच्याकडं सगळे फियाटच म्हणतात. वालचंद हिराचंदांनी १९४४ ला प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यानं गाड्या बनायच्या, १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. प्रीमियरचा दुसरा कारखाना डोंबिवलीला, कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूला. नव्वदच्या दशकात तिथं फ्रान्सच्या कंपनीबरोबर प्यूजो गाडी बनत होती. आता गाड्या नाहीत, पण सभा असली की लोक अजून 'प्रीमियर मैदानावर' म्हणतात. नाव मागं राहतं ते असं.

माझा मेव्हणा डोंबिवलीत एमआयडीसीत फिटर होता. त्यानं मला पॉइंट साफ करणं, फिलर गेजनं फट लावणं, कार्बोरेटरचं जेट फुंकणं शिकवलं. दहावीपर्यंत शिकलेल्या माणसाला ही गाडी समजते, हे तिचं मोठेपण. बॉनेट उघडलं की सगळं समोर. हजार एकोणनव्वद सीसीचं इंजिन, आजूबाजूला हात घालायला भरपूर जागा. पोराच्या नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर वर प्लास्टिकचं झाकण, आत काय आहे ते कंपनीलाच माहीत.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी आमच्या अंगणात आली. गाडी डॅशबोर्डपर्यंत बुडाली. पाणी उतरलं तेव्हा सीटवर गाळ होता आणि गाळात एक मासा. सगळे म्हणाले, भंगारात घाला. मेव्हणा आणि मी, दोघांनी नऊ दिवस खपून इंजिन उतरवलं, धुतलं, बसवलं. दहाव्या दिवशी चालू झाली तेव्हा गावातली पोरं टाळ्या वाजवत होती. त्या दिवसापासून माझ्या मनात एक गोष्ट बसली, की ही गाडी आहे तोवर आपणही आहोत. असं काही मनात बसलं की ते खरं आहे का, हे माणूस पुन्हा तपासत नाही.

मेव्हणा आता नाही. कल्याणचे मिस्त्री आहेत, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, त्यांचे हात कापतात. पॉइंटची फट ते आता नजरेनं लावत नाहीत, इंजिनचा आवाज ऐकून लावतात आणि बरोबर लावतात. मला मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून लांबचं दिसतं, जवळचं चष्म्याशिवाय नाही, आणि गाडीखाली चष्मा घसरतो. दोघं मिळून आम्ही एक धड माणूस होतो. चाचा एकदा म्हणाले, "भाऊ, आपल्याला पार्ट मिळत नाहीत म्हणून त्रास. गाडीला कुर्ल्याच्या भंगारात तरी मिळतात." पण डॉक्टरही आता तेच सांगतात की. गुडघा रिप्लेस करू. शब्द तोच. गाडीचा क्लच मी तीनदा बदलला, ब्रेकचे शू किती वेळा ते मोजलं नाही, रबरी हौज गेल्या वर्षी सगळे नवे टाकले, कारण आताच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येतं आणि जुनं रबर त्यात टिकत नाही. (ऊसवाल्यांचं भलं होतंय, माझी तक्रार नाही. आम्ही भातवाले, आमच्या वाट्याला काय येतं ते सोडा.) गाडीचं सगळं बदललं तरी ती गाडी तीच राहिली. मग माझा गुडघा बदलायला मी का घाबरतो? याचं उत्तर मला गाडीखालीच मिळालं. गाडी दुरुस्त करताना करणारा मी असतो. गुडघ्याच्या वेळी मी टेबलावर पडलेला असणार, पाना दुसऱ्याच्या हातात.

सरकारचा एक नियम आहे तो मला मोठा गमतीचा वाटतो. खाजगी गाडीला पंधरा वर्षं झाली की दर पाच वर्षांनी पासिंग करून नोंदणी वाढवून घ्यायची. आणि माणसानं पंचावन्न ओलांडली की त्याचं लायसनही पाच-पाच वर्षांचंच मिळतं. माझी गाडी २०२१ ला पास झाली, माझं लायसनही २०२१ लाच वाढवलं. दोघांची मुदत या वर्षी, २०२६ ला संपते. गाडीची फी आधी सहाशे होती, २०२२ च्या एप्रिलपासून पाच हजार झाली, आता वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. पन्नास वर्षं पुरी केली तर तिला व्हिंटेज म्हणून मानाची नोंदणी मिळू शकते. म्हणजे २०४१ ला. तेव्हा मी एक्याऐंशीचा असेन. मान तिला, मला काठी.

पण फरक कुठं आहे बघा. आरटीओचा साहेब गाडी तपासतो, ब्रेक बघतो, लाइट बघतो, चेसीचा नंबर बघतो. माणसाला कोण तपासतं? २०२१ ला एका डॉक्टरनं माझ्या फॉर्मवर सही केली तेव्हा वर बघून एवढंच विचारलं, "दिसतं ना काका?" मी म्हटलं, दिसतं. झालं. माझी मान तेव्हाही उजवीकडं पुरती वळत नव्हती. आयुष्यभर वाकून लावणी केली, डोक्यावर भाऱ्याची ओझी वाहिली, मानेचे मणके झिजले. पण मानेचा प्रश्न त्या फॉर्मात वेगळा नाही. फिट येते का, पंचवीस मीटरवरून गाडीचा नंबर वाचता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येतं का, असे प्रश्न आहेत. आणि शेवटी एक प्रश्न आहे, की तुमच्या गाडी चालवण्यानं लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार किंवा व्यंग आहे का, असल्यास लिहा. त्यापुढं मी 'नाही' लिहिलं. लिहिताना हात अडला होता हे मला आठवतं. तरी लिहिलं.

आता जे सांगतो ते घरात कोणाला सांगितलं नव्हतं. २०२४ च्या पावसाळ्यात, शाळा सुटायच्या वेळेला, मी गाडी देवळापासून रिव्हर्स घेत होतो. आरसा बघितला. मान वळवायची तेवढी वळली नाही, म्हणून अंदाजानं घेतली. एक बाई किंचाळली. मी ब्रेक मारला. उतरून बघतो तर मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर पहिलीतली एक पोरगी छत्री घेऊन उभी. तिला काही झालं नव्हतं. ती रडलीही नाही, छत्री मिटत होती. पोरीचा बाप मला दादा म्हणतो, तो उलट तिलाच ओरडला. मी त्याला ओरडू दिलं. हे मला अजून सलतं. चूक माझ्या मानेची, आणि बोलणी खाल्ली सहा वर्षांच्या पोरीनं.

लोक म्हणतील, मग त्या दिवशीच किल्ली ठेवून द्यायची होती. एवढं सोपं नव्हतं, आणि माझ्या बाजूचं म्हणणं अगदीच खोटंही नव्हतं. आमच्या गावात १९९६ ला चारचाकी दोनच. पावसात रात्री अडलेली बाई असो, साप चावलेला गडी असो, लोक आमच्या दाराशी यायचे. रायत्याच्या पुलाला पाणी लागायच्या आत कल्याण नाहीतर उल्हासनगर गाठायचं. तीन पोरं तर या गाडीच्या मागच्या सीटवर जन्मता जन्मता राहिली, आज ती पोरं बाइक उडवत फिरतात. पैसे मी कधी घेतले नाहीत, पेट्रोल मात्र घ्यायचो. तेव्हा गाडी नीट ठेवणं हा माझा शौक नव्हता, ते गावचं काम होतं. मी गाडी सोडली तर उद्या रात्री कोण जाईल, हा प्रश्न माझ्यापुढं खरा होता.

खरा होता, पण कधीपर्यंत? गाडीखाली पडल्या पडल्या मी हिशोब केला. शेवटचं कोण माझ्या दाराशी रात्री आलं होतं? आठवेना. २०१४ ला १०८ ची ॲम्ब्युलन्स सुरू झाली. गावात आता चौदा-पंधरा गाड्या, रिक्षा वेगळ्या. ज्याला गरज पडते तो फोन लावतो. मला उठवून माझ्या गाडीचा चोक ओढून ती गरम व्हायची वाट कोण बघेल? गाव केव्हाच पुढं गेलं होतं, आणि मी मात्र गावासाठी म्हणून गाडी ठेवत होतो. गुडघ्याच्या कळेपेक्षा हे जास्त लागलं.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, तिची वीस वर्षं पुरी झाली. पेपरात फोटो होते, लोक हळहळले. मीही हळहळलो. पण एक विचार आला, की त्या गाडीला तारीख ठरलेली होती, म्हणून तिच्या मालकाला स्वतःला काही ठरवावं लागलं नाही. माझ्यासारख्याला तारीख कोणी देत नाही.

आमच्या बाबांचा एक बैल होता, सर्ज्या. बारा-तेरा पावसाळे ओढलेला. एका वर्षी पाऊस लांबला, राब पिवळे पडायला लागले, आणि पडला तेव्हा सगळ्यांची चिखलणी एकदम. बाबांनी सर्ज्याला जुंपलं. तो दुसऱ्या फेरीला चिखलात बसला. बाबांनी मारलं नाही. जू काढलं, त्याला हातानं उठवला, बांधावर नेला, आणि त्यानंतर कधी जुंपलं नाही. शेजाऱ्याचा बैल मागून आणला. सर्ज्या पुढं तीन वर्षं गोठ्यात होता. वैरण त्याला आधी, मग बाकीच्यांना. लोक हसायचे, फुकट खातो म्हणायचे. बाबा म्हणायचे, "खाऊं दे. त्याचा हाय तो खातो."

ही गोष्ट मी पोराला बरेचदा सांगितली, गाडी विकू नये म्हणून. तो म्हणतो, "बाबा, गाडी काय बैल नाय. तिला वैरण घालून ती काय जगणार? दहा हजार भरायचे कशाला?" त्याचं अर्धं खरं आहे. लोखंडाला जीव नाही. पण जे जुनं ते भंगार, हा जो त्याचा हिशोब आहे तो मला पटत नाही, आणि पटायचाही नाही. जुनं दुरुस्त करून वापरणं ही गरिबाची अक्कल आहे, ती टाकून द्यायची नसते. फक्त सर्ज्याच्या गोष्टीत मी एक चूक करत आलो. मला वाटायचं, त्या गोष्टीतला बैल म्हणजे माझी गाडी. गाडी तर अजून चिखलात बसलेली नाही. दुसऱ्या फेरीला बसलो तो मी. आणि माझ्या मानेवरचं जू काढायला बाबा नाहीत, ते माझं मलाच काढायला पाहिजे. (बाबांनी स्वतः मात्र सत्तरीपर्यंत नांगर सोडला नव्हता, हेही खरं. बैलाला लावलेला न्याय त्यांनी स्वतःला लावला नाही.)

पाऊण तासानं आमची मंडळी आली. पिशव्या टाकून खाली वाकली. "अहो, मेलात की काय?" म्हणाली. शेजारच्या दोघांना बोलावून गोणपाटासकट मला ओढून काढलं. रात्री जेवताना मी छत्रीवाल्या पोरीची गोष्ट सगळ्यांना सांगितली. कोणी काही बोललं नाही. मंडळीनं ताटात भात वाढला, एवढंच. दुसऱ्या दिवशी त्या पोरीच्या बापाकडं गेलो आणि त्यालाही सांगितलं. त्याला तो प्रसंग धड आठवतही नव्हता. चहा पिऊन आलो.

जानेवारीत नात अठरा वर्षांची झाली. म्हणाली, आजोबा, मला फियाट शिकवा. लर्निंग लायसनचा फॉर्म आता मोबाइलवरच भरतात. ओटीवर बसून ती एकेक प्रश्न इंग्रजीत वाचायची, मला मराठीत सांगायची आणि 'नाही' दाबायची. शेवटच्या त्या प्रश्नावर आली. लोकांना धोका होईल असं काही आहे का. तिनं 'नाही' दाबलं आणि मान वर केली.

"आजोबा, तुम्ही काय लिहिलं होतं?"

"नाही लिहिलं होतं."

"आणि आता?"

"आता फॉर्मच भरणार नाही," मी म्हटलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पण गाडीचा भरायचा ना?" गाडीचा भरणार आहे. पोराला आवडलेलं नाही, पण दहा हजार मी भेंडीच्या पैशातून बाजूला काढलेत.

लायसनची मुदत आहे तोवर तिच्या शेजारी बसून शिकवायचं, असं ठरलंय. एल लावलेला आहे. सकाळी सहाला, रस्ता मोकळा असतो तेव्हा निघतो. तीस वर्षांत या गाडीच्या डाव्या सीटवर मी कधी बसलो नव्हतो. तिथून आमचं खालचं शेत दिसतं, हे मला माहीतच नव्हतं, चालवताना नजर रस्त्यावर असायची. वळण आलं की माझा उजवा पाय खाली दाबला जातो, तिथं ब्रेक नसतो. पोरगी क्लचला वैतागते. "एवढा जड कसा काय चालवायचात?" म्हणते. गिअरचा दांडा तिला अजून सापडत नाही, दुसरा टाकायला जाते आणि हात अडतो. मी हात पुढं करत नाही. सापडेल तिला.

शनिवारी ग्रीस मारायला गाडीखाली ती जाते. मी बाहेर स्टुलावर बसून टॉर्च धरतो आणि कुठला निपल राहिला ते सांगतो. परवा उजव्या किंगपिनचा राहिला होता. तोच, जो माझ्याकडून दिवाळीत राहिला होता.