देवाची इच्छा आणि माणसाची दिरंगाई

बाळंतपणात एखादी भगिनी दगावली म्हणजे तिला मूठमाती देताना आपण म्हणतो, "प्रभूची इच्छा झाली." दुःखाने खचलेल्या पतीला त्या शब्दांनी आधार मिळतो, आणि तो मिळावाच. परंतु हेच शब्द आदल्या रात्री, ती जिवंत असता, उंबरठ्यावर बसून कोणी उच्चारले असतील, तर त्यांचा अर्थ तोच राहतो काय? या प्रश्नाचा विचार मंडळीतील प्रत्येक कुटुंबाने करावा, असे आम्हांस वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील एक हकीकत पुष्कळांच्या ऐकिवात असेल. अर्काट मिशनातील डॉक्टर जॉन स्कडर यांची कन्या आयडा ही आजारी आईच्या शुश्रूषेसाठी तिंडिवनम् येथे आली होती. मिशनरी होण्याची तिची मुळीच इच्छा नव्हती. एका रात्री एकामागून एक तीन पुरुष दाराशी आले. एक ब्राह्मण, एक मुसलमान आणि एक दुसऱ्या उच्च जातीचा हिंदू. तिघांच्याही बायका अडलेल्या. "माझे वडील डॉक्टर आहेत, त्यांना न्या," असे ती म्हणाली. परंतु परपुरुषाने आपल्या स्त्रीला पाहणे तिघांसही मान्य नव्हते. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. त्या रात्रीने आयडाचे मन पालटले. 1899 साली ती डॉक्टर झाली, 1902 साली वेल्लोर येथे तिचे रुग्णालय उघडले आणि 1918 साली तेथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली.

त्या तीन पतींचे आपल्या बायकांवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? प्रेम होते म्हणूनच ते अपरात्री धावत आले. परंतु मदत दाराशी असता रूढी आडवी आली. आपण ती रूढी सोडली, हे खरे. पण तिच्या जागी दुसरी अडचण उभी करून तिला 'देवाची इच्छा' असे नाव तर दिले नाही ना?

कोणी म्हणतील, "आयुष्याचे दिवस देवाने नेमलेले आहेत, धावपळ करून काय होणार?" बंधूंनो, पीकही देवच देतो, तरी मृगाच्या पावसानंतर पाभर घेऊन शेतात न जाणाऱ्यास आपण विश्वासू म्हणत नाही, आळशी म्हणतो. जो देव फळ नेमतो, तोच साधनही नेमतो. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून पित्याची परीक्षा पाहण्याचे प्रभूने नाकारले. मग वाहन मिळत असता अडलेल्या स्त्रीला घरी ठेवून देवाची परीक्षा पाहण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला? प्रार्थना अवश्य करावी, पण ती वाटेत, गाडीत बसून करावी.

दुसरे कोणी म्हणतील, "आमच्या आज्या घरीच बाळंत झाल्या." बहुतेक बाळंतपणे सुखरूप होतात, हे खरेच. तथापि कोणते अडेल हे आधी नेहमीच सांगता येत नाही, आणि प्रसूतीनंतर अतोनात रक्त जाऊ लागले तर दोन-तीन तासांतही प्राण जाऊ शकतो. म्हणून खुणा ओळखाव्यात. गरोदरपणी रक्त जाणे, तोंडाला व हातांना सूज, सतत तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, मुलाची हालचाल मंदावणे, कळा येऊनही प्रसूती पुढे न सरकणे, वार न पडणे, बाळंतिणीस ताप येणे: यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. आकडी आली तर ती बाहेरची बाधा समजून कोणी गुपचूप देवऋषीकडे धाव घेतात; ही शरमेची गोष्ट आहे. तो रक्तदाबाशी निगडित विकार होय. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांत घेतलेल्या एका मोठ्या चाचणीत मॅग्नेशियम सल्फेट या औषधाने असे झटके येण्याचा धोका निम्म्याहून अधिक कमी झाल्याचे दिसले. पण ते औषध दवाखान्यात असते, देवऋषीच्या अंगाऱ्यात नसते.

येथे सुईणीविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. पवित्र शास्त्र तिचा मान राखते. शिप्रा व पुवा यांनी फारोच्या आज्ञेपेक्षा देवाचे भय मोठे मानले आणि मुले जगविली. परंतु आमच्या मते सुईणीची खरी कसोटी तिच्या कुशल हातांत नसून "हे माझ्या हातचे नाही" असे वेळीच म्हणण्यात आहे. यात तिचा कमीपणा नाही. त्या चांगल्या शोमरोन्याने जखमेवर तेल व द्राक्षारस ओतला, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. त्याने जखमी मनुष्यास आपल्या जनावरावर बसविले, उतारशाळेत नेले, दुसऱ्याच्या हाती सोपविले आणि खर्चही दिला. योग्य हाती सोपविणे हीदेखील प्रीतीच होय.

आणि तो खर्च? गरिबाचा पाय तेथेच अडखळतो, हे आम्ही जाणतो. 2011 पासून सरकारी रुग्णालयांत प्रसूती, आवश्यक तर शस्त्रक्रिया, औषधे व रक्त विनामूल्य देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. तरी घरी राहिलेल्या लेकरांची भाकर कोण भाजील? सोबत कोण जाईल? रक्त कोण देईल? येथे उपदेशकाने व मंडळीने पुढे यावे. आपल्या मंडळीत कोणाचे दिवस भरत आले आहेत, हे उपदेशकास ठाऊक असावे. कोणाची गाडी मिळेल, हे आधीच ठरलेले असावे. आणि सासूने किंवा पतीने परवानगी देण्यात घटका घालवू नयेत.

राहेल एफ्राथाच्या वाटेवर प्रसूतिवेदनांत मरण पावली. तिची सुईण तिला धीर देत जवळ होती, आणि याकोबाने तिच्या कबरेवर स्तंभ उभारला. सर्व काही करूनही कधी कधी असे होईल. तेव्हा "प्रभूची इच्छा" हे शब्द आपण अश्रूंसह उच्चारावे, आणि ते खरे असतील. परंतु हात जोडण्यापूर्वी ते हात कामास लावलेले असावेत. नाहीतर आपली दिरंगाई आपण देवाच्या नावावर मांडतो, आणि तो हिशेब एके दिवशी त्याच्याच समोर उघडावयाचा आहे.