जपलेले वाचन आणि मताची तारीख

राजकारण आणि समाज यांविषयी जे वाचनात येते त्यातील काही मजकूर जपून ठेवावा, ही इच्छा लेखनाइतकीच जुनी आहे; परंतु तो कशासाठी जपावा, या प्रश्नाचे उत्तर मराठी समाजात काळानुसार बदलत आलेले आहे. पोथी श्रद्धेने जपली गेली, दफ्तर हक्क शाबूत राहावा म्हणून, आणि वर्तमानपत्राचे कात्रण प्रथम पुरावा म्हणून व पुढे हिशेबाचे साधन म्हणून. या क्रमातील शेवटची आणि सर्वांत अवघड पायरी म्हणजे जपलेल्या वाचनाच्या आधारे वाचकाने स्वतःचे मत तपासणे. हा बदल मोठ्या शहरापेक्षा बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांब्यासारख्या गावाच्या बाजूने पाहिल्यास अधिक ठळकपणे दिसतो, कारण १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि पुण्या-मुंबईच्या वाचकाला जे छापील मराठी सहज मिळे ते येथवर येण्यासाठी राज्याची हद्द ओलांडावी लागे.

छपाईपूर्वीच्या काळात जपणे म्हणजे नकलून घेणे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ नकलून आणि सांकेतिक लिपीत लिहून शतकानुशतके सांभाळले. शिवाय पंथसंस्थापकांच्या एकाच लीळेविषयी, म्हणजे आयुष्यातील एकाच प्रसंगाविषयी, निरनिराळ्या शिष्यांच्या आठवणी वेगळ्या पडल्या, तर त्यांतील एक निवडून बाकीच्या टाकून देण्याऐवजी भिन्न पाठांचीही नोंद त्यांनी ठेवली. श्रद्धेने केलेल्या या कामात मतभेद जपण्याची जी शिस्त होती, तिचे महत्त्व पुढील विवेचनात ध्यानात येईल. याच्या उलट दफ्तर, म्हणजे कारभाराचे कागद, हे ज्याच्या ताब्यात असतील त्याच्याच बाजूने बोलतात. गेवराई तालुक्यातीलच राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. या लढाईविषयी राज्यकर्त्यांचे पत्रव्यवहार उरले, मात्र ज्यांच्या शिवारातून फौजा गेल्या त्या कुणब्यांचे म्हणणे कोणत्याही दफ्तरात शिरले नाही. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेव्हा जुना कागद ही समाजाची मालमत्ता आहे हा विचार रूढ झाला. तरीही वाडे, मठ आणि सरदारघराणी यांच्याकडे जे होते तेच प्रामुख्याने हाती लागले. जपणुकीच्या मुळाशी निवड असते आणि निवडीच्या मुळाशी सत्ता असते, हा धडा या कागदांच्या असण्याइतकाच त्यांच्या नसण्यातूनही मिळतो.

नियतकालिकांनी या व्यवहाराला नवे वळण दिले. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले आणि १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे ‘प्रभाकर’मधून येऊ लागली, तेव्हा समाजावरील टीका आठवड्याच्या कागदावर छापून वाचकाच्या हाती पडू लागली. हा कागद स्वस्त होता म्हणून तो दूरवर पोहोचला, आणि स्वस्त होता म्हणूनच टाकूनही दिला गेला. परिणामी तो जपणे ही वाचकाची जाणीवपूर्वक कृती ठरली. या कृतीचे सर्वांत प्रभावी उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखनात सापडते. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी तयार केलेले, परंतु देता न आलेले आणि १९३६ मध्ये स्वतःच छापलेले जातिनिर्मूलनावरील त्यांचे भाषण वाचताना असे दिसते की, इंदूर भागातील बलाई समाजावर लादलेल्या जाचक अटी सांगताना त्यांनी ४ जानेवारी १९२८ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील वृत्ताचा तारखेसह आधार दिला आहे. आठ वर्षांपूर्वीची बातमी येथे हळहळ व्यक्त करण्यासाठी आलेली नाही. समाजसुधारणेला वगळून राजकीय सुधारणा टिकेल काय, या युक्तिवादात ती साक्ष म्हणून उभी केली आहे. ज्यांच्याकडे वाडे नव्हते आणि दफ्तरेही नव्हती, त्यांच्यासाठी दुसऱ्याच्या वर्तमानपत्रातील तारीखवार बातमी हेच दफ्तर होते. त्याच वेळी दलितांच्या स्वतःच्या पत्रांची जपणूक किती नाजूक होती, हेही विसरता येत नाही: ‘मूकनायक’ १९२० मध्ये आणि ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये सुरू झाले, परंतु त्यांचे अंक एकत्रित स्वरूपात सामान्य वाचकाला उपलब्ध होण्यास महाराष्ट्र शासनाच्या १९९० च्या पुनर्मुद्रणाची वाट पाहावी लागली.

निजामी राजवटीत वाचन जपण्याला आणखी एक अर्थ चिकटला, तो म्हणजे धोका. ‘गश्ती निशाण ५३’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परिपत्रकाने सभांवर सरकारी परवानगीचे बंधन घातले होते, आणि जेथे सभा घेता येत नाही तेथे वाचनालयालाच सभेचे काम करावे लागते. मराठवाड्यातील ग्रंथालय चळवळ आणि राजकीय जागृती एकमेकींच्या आधाराने वाढल्या त्याचे हे एक कारण होते. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ पत्रावर निजाम सरकारने बंदी घातली, आणि तेच पत्र पुढे नावे बदलून निघत राहिले. बंदी असलेला अंक घरात ठेवणे आणि परवानगी असलेला अंक घरात ठेवणे या दोन भिन्न कृती आहेत, कारण पहिलीत वाचक मजकुराबरोबर त्याची जोखीमही स्वीकारतो. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, त्या दिवशी चकलांब्यासह सारा मराठवाडा अद्याप संस्थानातच होता आणि संस्थान भारतात विलीन झाले त्या १७ सप्टेंबरला महिनाभराचा अवधी उरला होता. एकाच भाषेच्या वाचकांची स्वातंत्र्याची तारीख वेगवेगळी असू शकते, हे भान मराठवाड्यातील वाचकाला पुस्तकाबाहेरच मिळालेले आहे.

स्वातंत्र्यानंतर वर्तमानपत्र गावोगाव पोहोचले आणि कात्रणवही ही शिक्षक, ग्रामसेवक, कार्यकर्ते आणि स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी यांच्या घरातील ओळखीची वस्तू झाली. जुन्या खतावणीच्या किंवा शाळेच्या वहीच्या पानांवर खळीने चिकटवलेली कात्रणे कोपऱ्यांत पिवळी पडतात, खळीला कसर लागते, पाने फुगून वही मिटेनाशी होते, आणि कडेला शाईने लिहिलेली तारीख मात्र बहुधा वाचता येते. एखादे कात्रण सुटून उलटे पडले, तर मागच्या बाजूला कापसाच्या बाजारभावाचा अर्धा तक्ता, निविदा सूचनेचा तुकडा किंवा सिनेमाची अर्धी जाहिरात दिसते. जपणाऱ्याने निवडलेला मजकूर पुढच्या बाजूस आणि त्याने न निवडलेला काळ पाठीमागे, अशी ही रचना आहे. आणि नंतरच्या अभ्यासकाला कधी कधी अग्रलेखापेक्षा त्या अर्ध्या तक्त्यातून अधिक कळते.

अशा वहीचा खरा उपयोग कात्रणे सलग वाचली की ध्यानात येतो, आणि मराठवाड्याच्या मागासलेपणाचा प्रश्न हे त्याचे चांगले उदाहरण आहे. १९५३ च्या नागपूर करारात या विभागाला विकासाच्या खर्चात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा मिळेल असे आश्वासन होते, म्हणजे तेव्हा प्रश्नाची भाषा विश्वासाची होती. १९७२ च्या दुष्काळात ती मदतीची झाली. खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे, मजुरांना मिळणारी सुकडी, आणि पुढे कायद्याने मान्य झालेली रोजगार हमी हे त्या काळाचे शब्द होत. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये झाली, १९७६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या दिशेने गेला, तेव्हा चर्चा पाण्याच्या वाटपावर आली. त्यानंतर वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात ‘अनुशेष’ मोजला. अनुशेष म्हणजे राज्याच्या सरासरीपर्यंत पोहोचण्यासाठी एखाद्या विभागात जी कामे व्हावयाची राहिली त्यांची किंमत, आणि समितीच्या हिशेबाने ती राज्यभरात सुमारे ३,१८६ कोटी व मराठवाड्यात सुमारे ७५० कोटी रुपये भरली. वैधानिक विकास मंडळे १९९४ मध्ये आली, केळकर समितीने २०१३ मध्ये समतोल विकासाचा प्रश्न पुन्हा मांडला, आणि मंडळांची मुदत २०२० मध्ये संपली. यांतील कोणतीही एक बातमी त्या त्या दिवशी सुटी वाटते. परंतु ओळीने वाचल्यास असे दिसते की, जे मागासलेपण प्रथम विश्वासावर सोपवले गेले ते पुढे मदतीचा आणि वाटपाचा विषय ठरले, नंतर मोजता येणारे देणे बनले, आणि देण्याचा आकडा निघाल्यावर ते कोणी फेडावयाचे हा प्रश्न राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. विचार उत्क्रांत होतो तो असा, आणि त्याची उत्क्रांती दिसते ती केवळ जपलेल्या वाचनात.

मात्र याच वहीत काय नाही, हेही पाहावे लागते. बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, मुकादमाकडून हंगामापूर्वी ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम घेतली जाते आणि ती तोडणीच्या मजुरीतून फिटते. तोडणीच्या दराचा करार आणि संप यांच्या बातम्या छापून येतात, पण कोणत्या कुटुंबाने किती उचल घेतली आणि किती फिटली याचा तपशील मुकादमाच्या वहीत राहतो. हंगामाच्या महिन्यांत वर्तमानपत्र गावात येत राहते, पण ते जपू शकणारा माणूस गावाबाहेर पालावर असतो. दांडेकर समितीच्या अनुशेषात रस्ते आणि सिंचन मोजले गेले, परंतु न वाचलेल्या आणि न जपलेल्या अनुभवाचा अनुशेष कोणत्याही कोष्टकात बसत नाही.

जपलेल्या वाचनाची अधिक कठीण कसोटी नामांतराच्या प्रश्नावर लागते. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. निजामाच्या बंदीला पुरून उरलेल्या ‘मराठवाडा’ दैनिकाने या वादात नामांतराच्या विरोधात भूमिका घेतली होती. ज्या वाचकाने निजामाच्या काळातील बंदी असलेले अंक आणि १९७८ चे अग्रलेख दोन्ही जपले असतील, त्याला स्वातंत्र्याची बाजू घेणारे पत्र समतेच्या प्रश्नावर दुसऱ्या बाजूला का उभे राहू शकते, याचे उत्तर शोधावे लागते; ज्याने केवळ सोयीचे तेवढेच कापून ठेवले, त्याच्यापुढे हा प्रश्नच उभा राहत नाही. कात्रण म्हणजे स्वतःच्या मताचे समर्थन अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी वस्तुतः ते मताची तारीख असते: अमुक दिवशी हे पटले होते, एवढेच ते सांगते, आणि आज ते का पटत नाही किंवा आजही का पटते, हे विचारण्याची संधी देते. महानुभावांनी भिन्न पाठ नोंदवण्याची जी शिस्त पाळली, तिचे आधुनिक रूप म्हणजे विरोधी मताचे कात्रण त्याच पानावर चिकटवणे.

मोबाईलने जपणे अत्यंत सोपे केले आणि त्याच प्रमाणात तारीख पुसट केली. आलेला मजकूर पुढे पाठवला जातो, पडद्याचे छायाचित्र साठवले जाते, पण मूळ पत्र, लेखक आणि दिवस बहुधा गळून पडतात. दहा वर्षांपूर्वीची दंगल कालची म्हणून फिरते आणि पाठीमागे बाजारभावाचा तक्ताही नसतो, की ज्यावरून शंका यावी. साठा वाढला, पण पुनर्वाचन घटले. याचा अर्थ कागद श्रेष्ठ आणि मोबाईल हीन असा नाही. ‘साधना’सारख्या नियतकालिकाचे जुने अंक आज घरबसल्या वाचता येतात, आणि चकलांब्याच्या विद्यार्थ्याला त्यासाठी पुण्याला जावे लागत नाही. शिस्त मात्र वाचकालाच आणावी लागते, आणि ती फार अवघड नाही: स्रोत, तारीख, विरोधी बाजू, आणि ते का जपले याची एक ओळ.

या शिस्तीचे स्थानिक प्रयोजन सर्वांत महत्त्वाचे आहे. मुंबई-दिल्लीचे राजकारण अनेक ठिकाणी जपले जाते; त्यासाठी गावाच्या वहीची वाट कोणी पाहत नाही. परंतु वर्तमानपत्राच्या जिल्हा पुरवणीतील टँकरच्या खेपा, पीकविम्याच्या रकमेवरून झालेले आंदोलन, ग्रामसभेचा ठराव आणि कालव्याच्या आवर्तनाचे वेळापत्रक हे त्या तालुक्यात जपले गेले नाही तर कोठेच उरत नाही, कारण रद्दीच्या गाडीला पुरवणी आणि मुख्य अंक यांत फरक कळत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने गावोगावच्या ग्रंथालयांना शासकीय मान्यता आणि अनुदानाची वाट मोकळी केली. त्या ग्रंथालयांनी स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांबरोबर आपल्या तालुक्याच्या बातम्यांची तारीखवार फाईल ठेवली, आणि तीत मुकादमाच्या व मजुराच्या, कालव्याच्या वरच्या व टोकाच्या गावाच्या अशा दोन्ही बाजू आल्या, तर पुढच्या राजवाड्यांना वाड्यांवर अवलंबून राहावे लागणार नाही, आणि गेवराईच्या शिवाराचे म्हणणे या खेपेला दफ्तरात असेल.