मतांची वर्गणी आणि तिचा हिशेब

२०१३ साली एबीपी माझा ही वृत्तवाहिनी आणि महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ यांच्या उपक्रमात लोकांच्या मतांवर महाराष्ट्राची सात आश्चर्ये निवडली गेली. अजिंठा, रायगड, लोणारचे विवर, कास पठार, मुंबईचे छत्रपती शिवाजी टर्मिनस, गोराईचा विपश्यना पॅगोडा आणि दौलताबादचा किल्ला ही ती सात नावे. दौलताबादचे नाव त्यात आले याचा आनंद मराठवाड्याला झाला आणि तो रास्तच होता. यादवांच्या राजधानीचा हा डोंगर कडेने तासून सरळ उभा केलेला आहे, भोवती खडकात खोदलेला खंदक आहे आणि वर जाणारी वाट ‘अंधारी’ नावाच्या काळोख्या भुयारातून जाते. १३२७च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीहून राजधानी हलवली ती इथेच. दुर्गशास्त्राच्या अभ्यासकाला आठवडाभर गुंतवून ठेवील एवढे या एका टेकडीवर आहे. पण याच रस्त्याने पुढे पंधराएक किलोमीटरवर वेरूळ आहे. एका अखंड खडकातून वरून खाली कोरत आणलेले कैलास लेणे तिथे आहे आणि १९८३ पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. सातांच्या यादीत मात्र वेरूळ नाही. म्हणून वेरूळ दौलताबादहून कमी प्रतीचे, असे कोणीही जाणता माणूस म्हणणार नाही. दौलताबादने ते स्थान लबाडीने मिळवले, असे म्हणायलाही काही आधार नाही. मग मतांचा आकडा नेमके काय सांगतो? कोणत्या जागेसाठी किती माणसांपर्यंत हाक पोहोचली आणि त्यांतली किती माणसे हलली, एवढेच तो सांगतो. ही माहिती मोलाची आहे, पण तिला गुणवत्तेचा दाखला म्हणता येत नाही.

हा फरक आज अधिक महत्त्वाचा झाला आहे, कारण मते गोळा करण्याचे काम वाहिन्यांच्या हातून घराघरांत आले आहे. स्वप्नातल्या प्रवासाचे बक्षीस लावलेल्या स्पर्धेत एखादी मुलगी आपले छायाचित्र किंवा मिनिटभराची चित्रफीत पाठवते आणि तिथून पुढे तिचे खरे काम सुरू होते. आत्या, मामा, शाळेतले वर्गमित्र, सोसायटीचा ग्रुप, बाबांच्या बँकेतले सहकारी, गावाकडचे तरुण मंडळ, सगळ्यांना लिंक जाते. ‘रोज एक मत द्यायला विसरू नका’ अशी आठवण सकाळ-संध्याकाळ जाते. यातला प्रत्येक होकार म्हणजे नात्यातून आलेली एक लहानशी देणगी असते. मत देणाऱ्याने बहुधा इतर स्पर्धकांचे काही पाहिलेले नसते. तो आपल्या माणसाला हात देत असतो. म्हणून या मताला निवडणुकीतल्या मतापेक्षा गणेशोत्सवाच्या वर्गणीचे नाव अधिक शोभते. वर्गणी मागण्यात कमीपणा नाही, देण्यात फसगत नाही. परंतु वर्गणीचा एक जुना नियम आहे: ज्याने गोळा केली त्याने हिशेब फळ्यावर लावायचा. ऑनलाइन मतांच्या स्पर्धांत वर्गणी जोरात गोळा होते आणि हिशेब कोणी मागत नाही, हा खरा दोष आहे. तो दूर झाला तर या स्पर्धांतून काही चांगले उभे राहू शकते, आणि तो तसाच राहिला तर माणसांचा आपलेपणा दुसऱ्याच्या व्यापारात खर्ची पडतो.

जगातले अनुभव याच दिशेने बोट दाखवतात. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या पर्यटन खात्याने ‘जगातली सर्वोत्तम नोकरी’ जाहीर केली. हॅमिल्टन बेटावर सहा महिने राहायचे, ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात भटकायचे, त्याविषयी लिहायचे आणि दीड लाख ऑस्ट्रेलियन डॉलर घ्यायचे. जगभरातून चौतीस हजारांवर अर्ज आले. अर्जदारांनी आपापल्या गावात, वर्तमानपत्रांत, रेडिओवर स्वतःसाठी प्रचार केला आणि त्या प्रचारात क्वीन्सलँडचे नाव आपोआप जगभर गेले. अंतिम फेरीतली एक जागा सार्वजनिक मतांनी भरायची होती. बाकीची निवड आणि शेवटचा निर्णय परीक्षकांनी केला आणि बेन साउथॉल हा ब्रिटिश तरुण निवडला गेला. मतांनी लक्ष वेधून घ्यायचे आणि निवड पारखून करायची, ही विभागणी आयोजकांनी आधीच ठरवली होती. जगातली नवी सात आश्चर्ये निवडण्याच्या एका खाजगी संस्थेच्या उपक्रमात तशी विभागणी शेवटच्या टप्प्यावर नव्हती. २००७ मध्ये त्याचा निकाल लागला, ताजमहाल त्यात आला आणि भारतभर आनंद झाला. त्या मोजणीत एका माणसाला पैसे मोजून फोनवरून पुन्हा पुन्हा मत देता येत होते. जॉर्डनमधून पेट्रासाठी त्या देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे दुप्पट मते पडल्याचे सांगितले गेले. त्याच संस्थेच्या पुढच्या, निसर्गाच्या आश्चर्यांच्या स्पर्धेतून मालदीवने २०११ मध्ये अंग काढून घेतले, कारण सहभागाच्या नावाखाली वाढत जाणारा खर्च त्या सरकारला परवडण्यासारखा वाटला नाही. आपल्या देशाला जिंकवायला निघालेल्या साध्या मतदात्याला या खर्चाचा पत्ताही नव्हता.

युनेस्कोने २००७ मध्येच नव्या सात आश्चर्यांच्या उपक्रमाशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले होते. एखादे स्थळ लोकांना प्रिय आहे हे मान्य करणे पुरेसे नाही. त्याचे शास्त्रीय मूल्यमापन, कायद्याचे संरक्षण आणि व्यवस्थापनाची चौकट लागते, अशी त्या संस्थेची भूमिका होती. तिचा अर्थ रायगडाच्या उदाहरणावरून नीट कळतो. रायगड २०१३ च्या सात आश्चर्यांत होताच. जुलै २०२५ मध्ये तो मराठ्यांच्या बारा किल्ल्यांच्या मालिकेत जागतिक वारसा ठरला. दुसऱ्या वेळी कोणी लिंक पाठवली नाही. नकाशे, इतिहासाचे पुरावे, किल्ल्यांभोवतीच्या राखीव पट्ट्याच्या हद्दी, देखभालीचा आराखडा हे सारे मांडावे लागले, तज्ज्ञांनी ते तपासले आणि सरकारने जबाबदारी लेखी स्वीकारली. पहिल्या मानाने रायगडाला प्रसिद्धी दिली, दुसऱ्याने रायगडाच्या बाबतीत सरकारला बांधून घेतले. एखादा सन्मान कोणावर कोणते कर्तव्य टाकतो, हीच त्याची कसोटी असली पाहिजे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप लोकशाहीच्या बाजूने येतो, आणि दौलताबादच्या संदर्भात तर तो अधिकच टोकदार होतो. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले असताना वाटेत दौलताबादला उतरले. प्रवासाने धुळकटलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले. अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून तिथल्या मुसलमानांनी गर्दी केली आणि धमकावले. अखेर किल्ला पाहू दिला तो वर कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, आणि त्यावर नजर ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई देऊन. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग नोंदवला आहे. सहलीचा साधा आनंदसुद्धा जिथे जन्माने नाकारला गेला, त्याच किल्ल्याविषयी आज कोणत्याही जातीची, धर्माची, गावची व्यक्ती हातातल्या फोनवरून मत देऊ शकते. मग आक्षेपक विचारतो: इतकी शतके निवड मूठभरांनी केली, आता सामान्य माणूस मोजला जाऊ लागला की लगेच तुम्हाला कसोट्या आठवतात का? परीक्षक म्हणून बसणारेही काही आकाशातून पडलेले नसतात; त्यांचेही वर्ग असतात, आवडी असतात, आंधळे कोपरे असतात.

हा आक्षेप टाळून पुढे जाता येणार नाही. तज्ज्ञांच्या याद्यांतून अनेक गावे, अनेक समाज, अनेक प्रकारचा वारसा वर्षानुवर्षे वगळला गेला हे खरे आहे, आणि लोकांची हाक ऐकू येण्याची सोय म्हणून मतदान हवेच. परंतु ज्या समतेच्या नावाने हा आक्षेप येतो, तिचा अर्थ बाबासाहेबांनीच काटेकोर केला आहे. संविधान सभेत नोव्हेंबर १९४९ मध्ये बोलताना त्यांनी एका माणसाला एक मत यासोबत प्रत्येक मताचे मोल सारखे हे तत्त्व मांडले होते. ऑनलाइन स्पर्धा नेमक्या या दुसऱ्या अर्ध्या भागावर घसरतात. रोज मत देता येत असेल तर ज्याच्याकडे रिकामा वेळ आहे त्याचे मोल अधिक. चार क्रमांकांवरून देता येत असेल तर ज्याच्याकडे चार सिमकार्डे आहेत त्याचे मोल अधिक. संदेशाला साध्या संदेशाहून जास्त पैसे पडत असतील तर ज्याचा खिसा जड आहे त्याचे मोल अधिक. खुलताबाद तालुक्यातल्या शेतमजूर मुलीने प्रवासावर कितीही सुंदर लिहिले, तरी तिच्या ओळखी शंभराच्या पुढे जात नाहीत; शहरातल्या मोठ्या महाविद्यालयातला मुलगा एका दुपारी हजारांपर्यंत पोहोचतो. वंचितांचा कैवार घेणारी व्यवस्था ओळखीपाळखीच्या भांडवलावर चालत असेल, तर ती जुनीच विषमता नव्या पडद्यावर दाखवत असते.

लोकांचा आवाज आणि नीट मोजणी एकत्र नांदू शकतात. २०१२ मध्ये एका दूरचित्रवाहिनीने गांधीजींनंतरचा सर्वश्रेष्ठ भारतीय कोण, हे ठरवायला घेतले, तेव्हा सार्वजनिक मते, परीक्षकांचा कौल आणि स्वतंत्र बाजारपाहणी अशा तीन मापांचा एकत्र विचार केला. बाबासाहेब पहिले आले. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्यासाठी मते जमवली होती आणि ती जमवण्यामागे उसना उत्साह नव्हता, पिढ्यांची कृतज्ञता होती. निव्वळ मतांवर निकाल लागला असता तर ‘संघटनेच्या बळावर जिंकले’ असे कुत्सितपणे म्हणायला जागा उरली असती. तिन्ही मापे सोबत असल्यामुळे त्या कृतज्ञतेचाही मान राहिला. परीक्षक पक्षपाती असू शकतात, म्हणून मतदान हवे. मतदान ओळखींच्या पाठीवर बसून येते, म्हणून परीक्षण हवे. एकाचा दोष झाकायला दुसऱ्याला हद्दपार करणे हा उपाय होत नाही.

दुसरा आक्षेप साधा आणि समंजस आहे. स्पर्धा म्हणजे चार दिवसांची मजा. एखाद्याला प्रवास घडतो, एखाद्या जागेचे नाव होते, नुकसान कोणाचे? नाव झाल्यामुळे पोट भरणारी माणसे असतात, आणि दौलताबादच्या पायथ्याशी सीताफळे विकणाऱ्यांपासून रिक्षावाल्यांपर्यंत त्यांची संख्या लहान नाही. त्यांचा विचार करूनच हा आक्षेप तपासला पाहिजे. दौलताबादला येणारा पर्यटक बहुतेक वेळा वेरूळच्या वाटेवर काही तासांपुरता थांबतो. ‘आश्चर्य’ या पदवीने तो थांबा लांबत नाही. तो लांबवायला मुक्कामाची सोय, जाणकार वाटाडे, स्वच्छतागृहे आणि जवळच्या कागजीपुऱ्यातल्या हातकागदाच्या जुन्या कारागिरीपर्यंत पर्यटकाला नेणारी आखणी लागते. नाव आणि गर्दी वाढूनही व्यवस्था वाढली नाही तर काय होते, हे त्याच सातांमधल्या कास पठाराने दाखवले. फुलांच्या हंगामात माणसांच्या लोंढ्यांनी पठार तुडवले जाऊ लागले, तेव्हा प्रवेशाला रोजची मर्यादा आणि आगाऊ नोंदणी आणावी लागली. एप्रिल २०२५ मध्ये दौलताबादच्या किल्ल्यावर आग लागली. उन्हाळ्यात डोंगरी किल्ल्यावरचे गवत वाळते, वर पाणी चढवणे आणि बंब नेणे अवघड असते. अशा दिवसांसाठी आधी केलेली तयारीच कामाला येते. किल्ल्याला मत देणाऱ्यांपैकी थोड्यांनीही त्या मतापाठोपाठ गवतकापणीची, पाण्याच्या सोयीची चौकशी चालू ठेवली असती, तर पुरातत्त्व खात्यावर लोकांचा एक उपयोगी दबाव राहिला असता. मत देऊन काम संपले असे वाटणे हेच नुकसान आहे, आणि ते डोळ्यांना दिसत नसल्यामुळे जास्त गंभीर आहे.

तेव्हा हिशेब कोणी आणि कसा द्यायचा, हे स्पष्ट सांगायला हवे. आयोजकाने मोजणीचे नियम आधी छापावेत, एका व्यक्तीचे एकच मत ठेवावे, मिळालेल्या आणि बाद झालेल्या मतांचे आकडे निकालासोबत जाहीर करावेत. मत घेताना जमा होणारे फोन क्रमांक कशासाठी वापरणार हे सांगून संमती घेणे, हे २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्वच आहे; मावशीच्या आपलेपणातून आलेला तिचा क्रमांक जाहिरातदाराच्या यादीत जाऊ नये. सरकार स्वतः मते मागते तेव्हा जबाबदारी आणखी वाढते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘देखो अपना देश’च्या नावाने लोकांची पसंतीची स्थळे विचारली आणि त्यांच्या विकासाची भाषा केली. अशा प्रत्येक कौलानंतर निवडलेल्या स्थळावर कोणते काम, किती निधी आणि कोणत्या मुदतीत, हे त्या स्थळाच्या दारावरच लिहिलेले असले पाहिजे. आणि ज्याला मतांच्या जोरावर प्रवास मिळाला, त्यानेही तो केवळ आपला समजू नये. ज्या शेकडो माणसांनी रोज आठवणीने बटण दाबले, त्यांच्यासाठी त्याने पाहिलेले नीट लिहावे, शाळांत जाऊन सांगावे, पुढच्या होतकरू प्रवाशाला अर्ज भरायला मदत करावी.

मते मागणाऱ्या तरुणांना नावे ठेवण्याचे कारण नाही. आपल्या गावच्या किल्ल्यासाठी, आपल्या घरच्या मुलीच्या प्रवासासाठी हजारो माणसे एकत्र येतात, हे या समाजाचे बळ आहे. या बळाची गरज दौलताबादला निकालाच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या दिवसांत जास्त असते: खंदकातला कचरा उचलला जातो का, वाटाड्यांना प्रशिक्षण मिळते का, उन्हाळ्याआधी गवत कापले जाते का, हे दरवर्षी विचारायला. मतांसाठी तयार झालेले गट निकालानंतर मोडून न टाकता या चौकशीसाठी चालू ठेवले, तर जिंकण्याला अर्थ येईल. पुढच्या वेळी लिंक आली की मत जरूर द्यावे. फक्त देण्याआधी मोजणीचा नियम विचारावा, आणि जिंकल्यानंतर वर्षभराने कामाचा हिशेब मागावा. मत देणाऱ्याचा हा हक्क आहे आणि ज्या जागेवर त्याचे प्रेम आहे तिच्याविषयीचे ते त्याचे कर्तव्यही आहे.