खांदेमळणी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदेमळणी असते. बैलांना नदीवरून धुऊन आणायचं आणि दिवस मावळताना त्यांच्या खांद्याला लोणी-हळद चोळायची. जू जिथं बसतं तिथलं कातडं घट्टे पडून जाड होतं, उन्हाळी नांगरटीत कधी सोललंही जातं. आई हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नसे. चोळून झालं की बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं, माणसाला देतात तसं. लहानपणी मला वाटायचं, वर्षातून एकदा लोणी लावून काय होतंय? खांदा तर रोज घासतो. आता साठी उलटल्यावर वाटतं, त्या निमित्तानं बैलाचा खांदा हातानं चाचपून तरी बघितला जायचा. कुठं सूज आहे, कुठं आत गाठ धरलीय, हे लांबून दिसत नाही. हाताला कळतं.

१९९४ साली कर्ज काढून ३५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर घेतला. वडील तेव्हा होते. त्यांनी जन्मभर बैलांच्या मागं चालून नांगरलेलं. ९ इंचाचं तास धरलं तर एक एकर नांगरायला १७-१८ किलोमीटर चालणं होतं, तेही ढेकळांतून. ते ट्रॅक्टरकडं बघून म्हणाले, “आता बसून नांगरायचं. राजाचं काम झालं.” ते कौतुकानं म्हणाले होते. मी ते वाक्य उचललं आणि पुढं भलत्याच कामाला वापरलं.

ट्रॅक्टरवर ड्रायव्हर ठेवला. त्याचं नाव लिहीत नाही. माणूस अजून आहे आणि त्याची लेकरं वाचणारी आहेत. अंगानं वाळका, पण हात असा की तास दोरी लावल्यासारखं सरळ जायचं. अकरा वर्षं तो आमच्याकडं होता. तिसऱ्या-चौथ्या वर्षी सीटचा फोम फाटला, खालची स्प्रिंग बसली. त्यानं पोत्याची घडी टाकली, वरून जुनी गोधडी बांधली. मला दोन-तीनदा म्हणाला, “मालक, सीटचं बघा की जरा. लई हाणतंय.” एकदा चारचौघांत मी म्हणालो, “बसून तर काम हाय. आता पलंग टाकू का?” माणसं हसली. तोही हसला. पुन्हा त्यानं विषय काढला नाही.

बसून काम म्हणजे काय, हे ज्यानं उन्हाळ्यात काळ्या रानात नांगर चालवलाय त्यालाच ठाऊक. जीपला पाटे असतात. आमच्या ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला पाटे नाहीत, काही नाही. ढेकळाचा दणका टायरातून सरळ सीटला आणि सीटमधून माणसाच्या माकडहाडाला. मधे असतं ते फक्त टायर आणि सीट. सीट तर गेलेलं. टायरात हवा उसाच्या ट्रॉलीसाठी ठासून भरलेली. रानात उतरताना ती कमी करावी, तेवढाच धक्का मऊ होतो, पण पुन्हा भरायला गावात जावं लागतं म्हणून ती कोण कमी करतंय? उजवं चाक तासात उतरलेलं, डावं वर, म्हणजे दिवसभर एका कुशीवर कललेलं अंग. एक हात स्टेअरिंगवर, दुसरा हायड्रोलिकच्या दांडीवर, मान मागं वळलेली, कारण नांगर मागं असतो. इंजिनाची गरम हवा पायावर येते. कानाशी सायलेन्सर. आणि लघवीला उतरावं लागतं म्हणून पाणी कमी प्यायचं. ही सगळ्या ड्रायव्हरांची खोड. आपण त्याला चिवटपणा म्हणतो.

तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी एकदा बोलता बोलता सांगितलं, की ओढकामाच्या जनावरांसाठी १९६५ सालचे सरकारी नियम आहेत. गाडी ओढणाऱ्या जनावराला दिवसात नऊ तासांच्या वर जुंपायचं नाही, सलग पाच तासांच्या वर नाही, आणि पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन मुळीच नाही. मला हसू आलं. हे पाळतंय कोण! पण घरी येताना हिशेब डोक्यात घोळायला लागला. आमचा ड्रायव्हर मे महिन्यात पहाटे पाचला चालू करायचा. दुपारी भाकरीपुरता उतरायचा. रात्री लाईट लावून दहापर्यंत. भाड्याची गिऱ्हाईकं रांगेत असायची; मृग तोंडावर आलेला असायचा. पारा ४२-४३. बैल असता तर मला कायदा लागला असता.

२००५ च्या उन्हाळ्यात एका रात्री ट्रॅक्टर दारात आला, बंद झाला, पण माणूस खाली उतरेना. उतरताच येत नव्हतं. आम्ही दोघांनी काखेत हात घालून उतरवला. डॉक्टर म्हणाले, मणक्यातली गादी सरकलीय, आता हे काम सोडायचं. मी त्याला त्या महिन्याचा पूर्ण पगार दिला, औषधाला वर काही दिले, आणि आपण चांगलं वागलो असं समजून झोपलो.

ऐन हंगामात दुसरा ड्रायव्हर मिळेना. मीच बसलो. त्याआधी मी ट्रॅक्टर चालवत नव्हतो असं नाही, पण तो बाजाराला, लग्नाला, डांबरी रस्त्यानं. रानात सलग कधी नाही. पहिल्या दिवशी कंबर धरली. दुसऱ्या रात्री कुशीवर वळता येईना. तिसऱ्या दिवशी दुपारी काम तसंच टाकून तालुक्याला गेलो आणि नवं सीट आणलं. खाली वजनाप्रमाणं स्प्रिंग कमी-जास्त करायची मूठ होती. वर पत्र्याचं छत बसवून घेतलं. सगळा खर्च तीन-चार एकर नांगरटीच्या भाड्याएवढा. तेवढं भाडं तो मला एका दिवसात मिळवून देत होता.

त्याला अकरा वर्षं लागली नाहीत. मला तीन दिवस लागले.

यावर मी पुष्कळ विचार केलाय. मी दुष्ट होतो असं मला वाटत नाही. त्याला घरचं जेवण होतं, मुलीच्या लग्नाला उचल दिली होती. मग सीटच का दिसलं नाही? एक उत्तर असं, की बैल आपला असतो. त्याचा खांदा गेला तर नुकसान आपलं. ड्रायव्हरची पाठ गेली तर पाठ त्याची, आपण दुसरा बघतो. मग खांदेमळणी ही माया नव्हेच, नुसता हिशेब? पण हे पटत नाही. आमचा एक म्हातारा बैल चार वर्षं दावणीला बसून होता, जू त्याच्या मानेवर येणार नव्हतं, तरी आई त्याच्याही खांद्याला लोणी लावायची. त्यात कसला हिशेब?

दुसरं उत्तर मला जास्त टोचतं. बैल बोलत नाही म्हणून आपण त्याचा खांदा चाचपतो. माणूस बोलतो, म्हणून आपण चाचपत नाही. आणि तो बोलला की त्याला हसतो. घाम गाळायचा तर उभं राहून, वाकून, असं आपल्या डोक्यात बसलंय. बसलेल्या माणसाचं दुखणं आपल्याला दुखणं वाटत नाही, आळस वाटतो.

हे कळूनही स्वभाव जात नाही. आता मुलगा कारभार बघतो. नवा पोरगा दर दोन तासांनी ट्रॅक्टर लिंबाखाली उभा करतो, पाणी पितो, कंबर मोडून सरळ करतो, मोबाईलवर गाणं लावतो. ते बरोबर आहे, मीच मुलाला तसं सांगितलंय. पण बांधावरून तो उभा ट्रॅक्टर दिसला की माझ्या तोंडात तेच जुनं वाक्य येतं. गिळतो. एखाद्या वेळी गिळायचं राहतं.

त्या २००५ च्याच पोळ्याच्या बाजारात जुना ड्रायव्हर भेटला. मी बैलांसाठी माळा आणि म्होरक्या घेत होतो. त्याच्या कमरेला पट्टा होता. चहाला नेलं. बाकडं पुढं ओढून बसा म्हणालो, तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या मालक, उभाच बरा हाय.” म्हणून मीही उभा राहिलो. घरचं, पावसाचं, सोयाबीनचं बोलणं झालं. मग म्हणाला, “सीट बदललं म्हनं ट्रॅक्टरचं?”

“हो,” म्हणालो.

“ब्येस केलं. नव्या गड्याला बरं पडंल.”

ट्रॅक्टरवर तेव्हा दुसरा गडी नव्हताच. मी चहाचे पैसे दिले.