शैली आणि कपाळावरची आठी

इंदुरात चित्रकलेविषयी बोलायला बसले की देवळालीकरांच्या नावाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी १९२७ साली या संस्थानी गावात चित्रकलेचे विद्यालय उभे केले आणि पुढच्या काही वर्षांत त्यांच्या हाताखालून नारायण श्रीधर बेंद्रे, मकबूल फिदा हुसेन, देवकृष्ण जटाशंकर जोशी आणि विष्णू चिंचाळकर अशी माणसे बाहेर पडली. या चौघांची चित्रे एका भिंतीवर शेजारी शेजारी लावली आणि परगावच्या एखाद्या जाणत्या माणसाला उभे केले, तर हे चौघे गुरुबंधू आहेत असे तो शपथेवरसुद्धा सांगणार नाही. गुरूचा शिक्का कोणाच्याच पाठीवर दिसत नाही. आपल्या जुन्या मराठी घरांतून गाण्याचे कान घराण्यांवर तयार झालेले. चार आवर्तनांत गुरू ओळखण्याची आपल्याला सवय. त्या कानांना ही गोष्ट चमत्कारिकच वाटावी.

चित्रकाराने, विशेषतः माणसे रंगविणाऱ्या चित्रकाराने, स्वतःची शैली कशी कमवावी, हा प्रश्न सामान्यतः अभिरुचीचा किंवा तंत्राचा मानला जातो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आम्हीही तसेच मानीत होतो. त्यात नीतीचा काही भाग असू शकतो हे आमच्या थोरल्या बहिणीने आम्हांला एका वाक्यात दाखवून दिले, आणि ते वाक्य अद्याप मनातून गेलेले नाही. म्हणून हे लिहिणे.

झाले ते असे. शासकीय सेवेतून मोकळे झाल्यावर आम्ही संध्याकाळच्या एका चित्रकला वर्गात नाव घातले. होळकर कॉलेजात असताना वहीच्या मागच्या पानांवर प्राध्यापकांची तोंडे काढण्याचा नाद होता, तेवढीच पूर्वतयारी. वर्गातले शिक्षक सज्जन. वर्षभर कोळशाच्या कांडीने मडकी, हात, पाय, बसलेली माणसे काढवून घेतल्यावर त्यांनी आमच्या हाती तैलरंग दिले आणि काही महिन्यांनी म्हणाले, "आता तुम्ही तुमची शैली शोधा." साठी उलटलेल्या माणसाला कोणी काही शोधायला सांगितले की त्याला फार बरे वाटते. आम्ही शोधायला निघालो आणि थेट बेंद्र्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

बेंद्रे आपल्याच गावचे, १९१० सालचा जन्म. येथून मुंबई, काश्मीर, शांतिनिकेतन, न्यूयॉर्क, मग १९५० पासून बडोद्याचे विद्यापीठ असा त्यांचा प्रवास. आणि या प्रवासात त्यांनी शैली किती वेळा बदलली याचा हिशेब ठेवणे कठीण. निसर्गचित्रे झाली, घनवादी वळण झाले, अमूर्त झाले. उतारवयात ते ठिपक्यांच्या पद्धतीकडे वळले. ही पद्धत मूळची फ्रान्समधली, जॉर्ज सरा या चित्रकाराने १८८० च्या दशकात शास्त्रासारखी बांधलेली. शुद्ध रंगाचे लहान लहान ठिपके एकमेकांशेजारी ठेवायचे आणि त्यांचे मिश्रण पॅलेटवर न करता पाहणाऱ्याच्या डोळ्यावर सोपवायचे. बेंद्र्यांच्या हाती या ठिपक्यांतून ग्रामीण स्त्रिया उभ्या राहिल्या आणि त्यांच्याभोवतीचे ऊनही. आम्ही त्या चित्रांच्या छापील प्रती पाहून वेडे झालो.

एक कबुली मात्र येथेच दिली पाहिजे. ठिपक्यांची पद्धत आम्हांला आवडली, त्याला आणखी एक कारण होते आणि ते तितकेसे शोभादायक नाही. ठिपक्यांत कच्चे रेखन झाकले जाते. सरळ रेघेत नाकाची बाजू चुकली तर ती लांबून ओरडून सांगते. ठिपक्यांत ती गुलाबी आणि निळ्या धुक्यात विरून जाते. अर्थात बेंद्र्यांच्या ठिपक्यांखाली आयुष्यभराचे रेखन होते. आमच्या ठिपक्यांखाली काहीच नव्हते.

आईच्या दुसऱ्या स्मृतिदिनासाठी आम्ही तिचे तैलचित्र या पद्धतीने करायला घेतले. समोर तिचा एक फोटो आणि बाकी आठवण. जवसाच्या तेलातला रंग लवकर वाळत नाही. खालचा थर ओला असताना वर ठिपका दिला तर दोन्ही मिळून चिखल होतो. त्यामुळे चार महिने लागले. चित्र भिंतीवर लागले, नातेवाईक जमले, रामबागेतले दोन जुने स्नेही आले. "वा! अगदी बेंद्रे," असे एकजण म्हणाले आणि आम्ही सुखावलो. अक्का बराच वेळ चित्रापुढे उभी राहिली. मग म्हणाली, "सुंदर झालंय रे. पण आईच्या कपाळावर आठी होती, ती कुठं गेली?"

आठी होती. दोन भुवयांच्या मध्ये, दोन उभ्या रेघांची, डावी अधिक खोल. वडिलांच्या पगारात भागत नसे म्हणून आई रात्री शेजारपाजारच्या बायकांचे ब्लाऊज शिवीत असे. मिणमिणत्या दिव्याखाली सुईत दोरा ओवताना ती आठी पडायची. पुढे ती कपाळावरून गेलीच नाही. अनोळखी माणसाला आई रागीट वाटायची ती या आठीमुळे. आम्हां भावंडांची शिक्षणे त्या आठीतून झाली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. आणि तीच आम्ही पुसून टाकली होती. मुद्दाम नव्हे, आमच्या शैलीत ती बसत नव्हती, एवढेच.

आमच्या मते या विषयाचे मर्म येथे आहे. माणसाचे चित्र काढताना दोन बाजू असतात, काढणारा आणि समोरचा. निसर्गचित्रातल्या झाडाला तक्रार नसते. समोरच्या माणसाचा मात्र आपल्यावर काही हक्क असतो, तो गेलेला असला तर अधिकच. शैली त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट झाली तर ठीक. तीच मध्ये भिंत होऊन उभी राहिली, तर ते चित्र कितीही देखणे असो, एक प्रकारचे असत्य ठरते.

यावर कोणी म्हणेल, तुमचा दोष उसनवारीचा होता. स्वतःची शैली असती तर असे झाले नसते. आम्हांला हे पटत नाही. उसने घेण्यात पाप असते तर आपल्या इंदूरचे अमीर खाँसाहेब सर्वांत मोठे अपराधी ठरले असते. अब्दुल वहीद खाँचा संथ विस्तार, अमान अली खाँची सरगम, रजब अली खाँची तान, कोणाकडून काय आले हे जाणकार बोट ठेवून दाखवितात. तरीही अमीर खाँना नक्कल करणारा म्हणण्याची कोणाची छाती नाही. युरोपातही चित्रकाराच्या कर्मशाळेत गुरूचा हात हुबेहूब उचलणे हा शिष्याचा गुणच मानला जाई. बर्लिनच्या संग्रहालयात सोनेरी शिरस्त्राण घातलेल्या माणसाचे एक चित्र आहे. रेम्ब्रांटची परमोच्च कृती म्हणून पिढ्यान्‌पिढ्या लोक त्यापुढे उभे राहिले. १९८० च्या दशकात तपासणीअंती ठरले की ते रेम्ब्रांटचे नव्हे, त्याच्या परिघातल्या कोणा अनाम चित्रकाराचे आहे. चित्र रातोरात वाईट झाले का? शिरस्त्राणावरचा रंगाचा जाड थर तसाच आहे, त्या म्हाताऱ्याची खाली गेलेली नजरही तशीच आहे. त्या अनाम माणसाने गुरूची शैली घेतली, पण समोरच्या म्हाताऱ्याला काही कमी दिले नाही. दोष उसने घेण्यात नाही; ते कशासाठी घेतले, यात आहे. आम्ही ते आपला कच्चेपणा लपविण्यासाठी घेतले होते.

नोकरीतही आम्ही हेच केले होते, हे तेव्हा ध्यानात आले. सरकारी नोटशीटवर प्रत्येक अधिकाऱ्याची लिहिण्याची एक ढब असते. सही न पाहताही दोन ओळींत टिपणी कोणाची ते कळते. आमची टिपणी नेटकी म्हणून नावाजली जाई. एका विधवेच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या प्रकरणावर आम्ही अशीच एक निर्दोष टिपणी लिहिली होती. नियम होते, संदर्भ होते, भाषा घोटीव होती. ती बाई मात्र त्या टिपणीत कोठेच नव्हती. प्रकरण आणखी अकरा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. ती टिपणी आजही आम्हांला जशीच्या तशी आठवते, बाईचे नाव आठवत नाही.

आता हुसेन. त्यांच्याविषयी बोलताना आपल्याकडे वादच आधी आठवतात. ते येथे नकोत. पंढरपुरात जन्मलेल्या या मुलाची आई तो तान्हा असतानाच गेली. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. त्यांच्या चित्रांतल्या कितीतरी स्त्रियांना चेहरा नाही. मदर तेरेसांच्या प्रसिद्ध मालिकेत तर निळ्या काठाची पांढरी साडी आहे, आणि चेहऱ्याच्या जागी नुसती पोकळी. या दोन गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतःच जोडलेला आहे. त्यांचे सगळेच घोडे आम्हांला सारखे आवडतात असे नाही. हात सरावला की घोडे आपोआप धावतात, तसे काही ठिकाणी वाटते. पण ती पोकळी खरी आहे. जे त्यांच्याजवळ नव्हते ते त्यांनी काढले नाही, आणि नव्हते हे मात्र काढले. त्यांचे पाहून आज कितीतरी जण बिनचेहऱ्याच्या बायका रंगवितात. त्यांच्या आया घरी असतात, चांगल्या ठळक चेहऱ्याच्या.

आमच्याजवळ चेहरा होता, आठीसकट. तो असून आम्ही झाकला. एकाच विद्यालयाच्या परंपरेतल्या दोन थोरांकडे पाहताना हा फरक आम्हांला उलगडला: हुसेनांची पोकळी त्यांची होती, बेंद्र्यांचे ठिपके बेंद्र्यांचे होते, आणि आमच्या चित्रात आमचे म्हणण्यासारखे काही असेल तर ती लपवाछपवी.

देवळालीकरांनी नेमके काय शिकविले असेल, याचा विचार आम्ही पुष्कळदा करतो. विद्यार्थ्यांना चार भिंतींबाहेर नेऊन प्रत्यक्ष समोर आहे ते रंगवायला लावणे, ही या विद्यालयाची ओळख होती. माळव्याचे ऊन, घाट, बाजार, माणसे. जोश्यांच्या चित्रांतला नर्मदाकाठ आणि भिल्ल पाहिले की ही शिकवण कोठे मुरली ते दिसते. डोळा समोरच्या वस्तूवर खिळविला की प्रत्येकाचा हात आपोआप वेगळा पडत असावा. कारण पाहणारी माणसे वेगळी. शैलीची चिंता गुरूने केली नसावी, म्हणूनच ती चौघांना चार तऱ्हांची लाभली असावी. हा आमचा तर्क.

यात चिंचाळकर गुरुजी सर्वांत पुढे गेले. राहुल बारपुते, बाबा डिके आणि देवासचे कुमार गंधर्व यांच्याबरोबरची त्यांची मैत्री हा या गावाच्या सांस्कृतिक इतिहासाचा एक अध्यायच आहे. व्यक्तिचित्रणात त्यांचा हात तयार होता. मनात आणते तर जन्मभर तैलचित्रे करून सुखाने राहिले असते. पण त्यांनी कुंचला बाजूला ठेवला आणि वाळक्या काटक्या, शेंगा, बिया, झाडाची साल, लोकांनी टाकून दिलेल्या वस्तू उचलल्या. काटकीत पक्षी आधीच असे, शेंगेत म्हातारी आधीच असे; गुरुजी ती फक्त आपल्याला दिसेल अशी ठेवीत. २००० साली ते गेले. आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी रस्त्यातली काटकी वाकून उचलायची सवय त्यांच्यामुळेच लावून घेतली. कमावलेली रेघ टाकून देऊन वस्तूच्या रेघेला जागा देणे हे धैर्य आम्हांला नाही. आम्हांला टाकून देण्याजोगी रेघच अजून आलेली नाही.

ते तैलचित्र उतरवून आम्ही भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे, आणि गेले वर्षभर नुसत्या कोळशाने ती आठी काढीत आहोत. वाटते तितके सोपे नाही. रेघ गडद झाली की आई संतापलेली दिसते. फिकी झाली की काळजीत पडलेली. ती दोन्ही नसे. ती सुईच्या नेढ्याकडे पाहत असे. पुष्कळ कागद फुकट गेल्यावर कळले की आठीची रेघ काढायचीच नसते. रेघेच्या दोन्ही अंगांना कातडी किंचित फुगते, तिच्यावर वरून उजेड पडतो. तो उजेड मोकळा सोडायचा, मग मधली सावली आपली आपण पडते. हे कोणा पुस्तकात असेल. आम्हांला ते आईच्या कपाळावर सापडले.

गेल्या महिन्यात अक्का आली होती. तिच्यापुढे शेवटचे पाच-सहा कागद ठेवले. तिने चष्मा बदलला, एकेक कागद उजेडात धरला आणि त्यांतला एक वेगळा काढला.

"कपाळ आईचं आलंय," ती म्हणाली. "तोंड मात्र तुझं काढलंयस."

आम्ही काही बोललो नाही. खोडण्यासाठी कागद परत मागितला, तर तिने दिला नाही.

"राहू दे. तुझं तोंड तिच्यावरच गेलंय. नाक तेवढं नीट कर."

नाकाचे काम चालू आहे.